मिलिसेकंदांतलं बोलणं



१९६४ साली 'वर्ड' या भाषाशास्त्राच्या नियतकालिकात एक लेख आला. ली लिस्कर आणि आर्थर एब्रॅमसन हे त्याचे लेखक, दोघेही न्यूयॉर्कच्या हॅस्किन्स प्रयोगशाळेत काम करणारे. अकरा भाषा बोलणारी माणसं त्यांनी ध्वनिमुद्रणाला बसवली आणि प, ब, त, द, क, ग अशा ध्वनींमध्ये एकच गोष्ट मोजली. ओठ किंवा जीभ सुटते तो क्षण आणि गळ्यातले स्वरतंतू थरथरायला लागतात तो क्षण, या दोहोंत किती वेळ जातो? त्या अकरा भाषांत डच होती, हंगेरियन, कोरियन, थाई, तमिळ होती, आणि मराठीही होती. वाणीच्या अभ्यासात आजही ज्याचा दाखला देतात अशा लेखात आपली भाषा आहे, हे मराठीच्या गौरवाच्या भाषणांत मी अजून ऐकलेलं नाही. म्हणून आज सुरुवात तिथूनच करते.

गळ्यावर दोन बोटं ठेवा आणि सावकाश 'पा' म्हणा. मग 'बा' म्हणा. 'बा' म्हणताना ओठ उघडायच्या आधीच बोटांना थरथर लागते. 'पा'मध्ये ओठ सुटतात आणि जवळजवळ त्याच क्षणी, फार तर दहा-वीस मिलिसेकंदांनी थरथर सुरू होते. 'फा'मध्ये आधी हवेचा झोत जातो आणि थरथर पन्नास ते शंभर मिलिसेकंद उशिरा येते. (ओठांना दात लावून 'फा' म्हणणाऱ्यांना हा प्रयोग जमणार नाही, आणि आपल्यात आता तेच जास्त आहेत.) मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. पापणी एकदा लवायला शंभराहून जास्त मिलिसेकंद जातात. म्हणजे प, फ आणि ब वेगळे ओळखण्याचं काम कानामागचा मेंदू पापणी लवायच्या आत उरकतो, आणि तेही मिनिटामागून मिनिट, न थकता.

भ मात्र लिस्कर आणि एब्रॅमसन यांच्या मापात बसला नाही. ब आणि भ दोन्हींत थरथर ओठ सुटायच्या आधीच सुरू होते. फरक पडतो तो ओठ सुटल्यानंतर, श्वासमिश्रित आवाजात. एवढ्या एका वेळेवर हिंदी-मराठीचे चारही वर्ण वेगळे होत नाहीत, हे त्यांनी लेखातच नमूद केलं. मला ही नोंद महत्त्वाची वाटते. वेळ हे बोलण्याचं एकमेव अंग नाही, आणि आज मी वेळेबद्दल पुष्कळ बोलणार आहे, तेव्हा हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

काही ठिकाणी तर आवाज नसलेला वेळसुद्धा अर्थ ठरवतो. 'तीन पटी' आणि 'तीन पट्टी' म्हणून पाहा. पट्टीतल्या ट्ट मध्ये जीभ टाळूला लागून थांबते आणि तेवढा वेळ तोंडातून काहीही बाहेर येत नाही. तो रिकामा वेळ लांबला तर पट्टी, आखूड राहिला तर पटी. कला आणि कल्ला यांत आवाज थांबत नाही, पण ल किती वेळ धरला त्यावर कौतुक करायचं की दटावायचं ते ठरतं. इंग्रजीतला जुना प्रयोग याहून सरळ आहे. 'स्लिट' या शब्दाच्या ध्वनिमुद्रणात स नंतर थोडी शांतता घुसवली की ऐकणाऱ्याला 'स्प्लिट' ऐकू येतं. प कुणी उच्चारलेलाच नसतो.

आपल्याकडच्या शिक्षाग्रंथकारांना, म्हणजे जुन्या उच्चारशास्त्र्यांना, वर्णांच्या काळाचं महत्त्व चांगलं माहीत होतं. पाणिनीय शिक्षेत मात्रांचं माप पशुपक्ष्यांच्या आवाजांवरून दिलं आहे: चाष पक्ष्याची एक मात्रा, कावळ्याच्या दोन, मोराच्या तीन आणि मुंगसाची अर्धी. पाणिनीनं ऱ्हस्व, दीर्घ आणि प्लुत सांगताना उकार घेतला, आणि टीकाकारांनी तो कोंबड्याच्या आरवण्याशी जोडला. घड्याळ नसलेल्या काळात, कुठेही गेलं तरी सापडेल असं माप त्यांनी शोधलं. पुढे यातून 'सगळं आपल्याकडे आधीच होतं' अशा गप्पा निघतात, त्यात मी पडत नाही. बोलणारा किती वेळ घेतो ते त्यांनी पाहिलं. ऐकणाऱ्याच्या डोक्यात काय होतं हा प्रश्न निराळा आहे, आणि त्याची उत्तरं गेल्या साठ-सत्तर वर्षांतली आहेत.

१९७१ साली पीटर आयमस आणि सहकाऱ्यांनी एक महिन्याच्या आणि चार महिन्यांच्या बाळांना असे ध्वनी ऐकवले. बाळांच्या तोंडात चोखणी होती. नवं काही ऐकू आलं की बाळ जोरानं चोखतं, तेच ते ऐकून कंटाळलं की मंदावतं. थरथर वीस मिलिसेकंद उशिरा आणि चाळीस मिलिसेकंद उशिरा, हा फरक बाळांनी ओळखला, कारण त्याच्या मध्ये इंग्रजी 'बा' आणि 'पा' यांची सीमा येते. साठ आणि ऐंशी मिलिसेकंदांतला फरकही वीसचाच, पण तो त्यांनी ओळखला नाही. चार वर्षांनी पॅट्रिशिया कूल आणि जेम्स मिलर यांनी चिंचिला या उंदरासारख्या प्राण्याला असेच आवाज ओळखायला शिकवलं आणि त्याचीही सीमा जवळपास तिथेच निघाली. तेव्हा ही सीमा माणसाच्या भाषेसाठी खास घडलेली नसावी. सस्तन प्राण्यांच्या कानाला वेळेचा जो फरक सहज पकडता येतो, त्याच जागी काही भाषांनी आपली कुंपणं घातली असावीत, असं मला वाटतं.

इथपर्यंतचं ऐकून वाटेल की मेंदू एकेक वर्ण त्याच्या वेळेनुसार टिपतो आणि ओळीनं मांडतो. तसं होत नाही. १९६९ साली रिचर्ड वॉरन यांनी चार असंबद्ध आवाज एकामागून एक, प्रत्येकी २०० मिलिसेकंद, पुन्हा पुन्हा फिरवून ऐकवले: फुसकारा, शीळ, घरघर आणि एक स्वर. लोकांना चारही आवाज स्वच्छ ऐकू येत होते, पण त्यांचा क्रम सांगता येईना. बोलण्यात वर्ण याच्या दुपटीहून अधिक वेगानं येतात आणि तिथे क्रम कधी चुकत नाही. पुढच्याच वर्षी वॉरन यांनी एका इंग्रजी वाक्यातला एक वर्ण पूर्ण कापला आणि त्या जागी खोकल्याचा आवाज बसवला. ऐकणाऱ्यांना शब्द अखंड ऐकू आला. खोकला नेमका कुठे आला तेही त्यांना धड सांगता येईना. याचा सरळ अर्थ असा की वर्णांवर वेळेचे शिक्के मारून मेंदू त्यांची माळ करत नाही. तो मोठे तुकडे ओळखतो आणि त्यातले वर्ण कुठे असायला हवेत ते मागाहून लावून घेतो.

हे तुकडे साधारण अक्षराएवढे असतात. भाषा कोणतीही घ्या, बोलण्याच्या आवाजाची पातळी सेकंदाला चार-पाच वेळा चढते आणि उतरते. जबडा उघडतो आणि मिटतो, त्याचाच हा ठेका. तो किती मोलाचा आहे ते १९९५ साली लॉस एंजेलिसच्या रॉबर्ट शॅनन यांच्या गटानं दाखवलं. त्यांनी बोलण्यातले बारीक स्वर पुसून टाकले आणि आवाजाची चार जाड पट्ट्यांत विभागणी केली. प्रत्येक पट्टीत नुसता खरखरता आवाज ठेवला, मात्र त्याची चढ-उतार मूळ बोलण्याबरहुकूम ठेवली. ऐकायला ते भुताटकीसारखं लागतं. पण थोड्या सरावानं लोकांना वाक्यंच्या वाक्यं समजली. कॉक्लियर इम्प्लांट (श्रवणतंतूंना विजेचे संकेत देणारं, कानात बसवायचं यंत्र) बसवलेलं मूल बोलायला कसं शिकतं, याचं बरंचसं उत्तर इथे आहे. इम्प्लांटच्या मोजक्या तारांतून सुरांची नजाकत जात नाही, बोलण्याची चढ-उतार मात्र जाते.

मला सगळ्यात आवडणारा प्रयोग २००९चा, ओडेड गित्झा आणि स्टीव्हन ग्रीनबर्ग यांचा. त्यांनी ध्वनिमुद्रित वाक्यं तिप्पट वेगानं वाजवली, सूर न बदलता. ऐकणाऱ्यांचे निम्म्याहून अधिक शब्द चुकले. मग त्यांनी त्याच वेगवान बोलण्याचे चाळीस-चाळीस मिलिसेकंदांचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्यानंतर ऐंशी मिलिसेकंदांची शांतता ठेवली. आवाजात नवी माहिती काडीची आली नाही. आत आली ती फक्त शांतता. तरी चुका एकदम खाली आल्या, कारण तुकडे पुन्हा मूळच्या ठेक्यानं येऊ लागले होते. चाळीस आणि ऐंशी मिळून एकशेवीस, म्हणजे तिप्पट वेगानं हरवलेला वेळ बरोबर परत मिळाला होता. मेंदूला आवाज टिपायला वेळ कमी पडत नव्हता. टिपलेलं पचवायला पडत होता.

मेंदूच्या श्रवणविभागात सेकंदाला चार ते आठ वेळा उसळणाऱ्या विद्युतलहरी असतात. ह्वान लुओ आणि डेव्हिड पोपेल यांनी २००७ साली दाखवलं की बोलणं ऐकताना या लहरींचा ताल वाक्यागणिक बदलतो, इतका की लहरींच्या नोंदीवरून तीनपैकी कोणतं वाक्य ऐकवलं ते ओळखता येतं. यावरून एक सिद्धान्त उभा राहिला: मेंदूची लहर बोलण्याच्या ठेक्याशी जुळते आणि ओघाचे अक्षराएवढे तुकडे पाडते. सिद्धान्त देखणा आहे, आणि म्हणूनच जरा जपून. मेंदूची स्वतःची लहर खरोखर जुळते की प्रत्येक अक्षराच्या आघातानं नुसता एकेक प्रतिसाद उठतो आणि त्यांची रांग लहरीसारखी दिसते, हा वाद संपलेला नाही. लोकप्रिय पुस्तकांत तो संपल्यासारखा लिहिला जातो.

आता माझ्या पेशाकडे, कानाच्या तपासणीकडे येते. कानाची साधी तपासणी, ऑडिओग्राम, एकच प्रश्न विचारते: किती हळू आवाज ऐकू येतो? आवाज कधी आला ते कानाला किती नेमकं कळतं, हे तिच्यात येत नाही. बहुतेकांच्या बाबतीत चालून जातं. काहींच्या बाबतीत मात्र सगळा घोटाळा इथेच असतो. १९९६ साली आर्नल्ड स्टार आणि सहकाऱ्यांनी दहा रुग्णांचं वर्णन केलं. त्यांच्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी ठीक होत्या, आवाज ऐकू येत होता, पण बोलणं कळत नव्हतं, ऑडिओग्रामवरून अपेक्षा करावी त्यापेक्षा फारच कमी. विकाराला नाव पडलं ऑडिटरी न्यूरोपॅथी. एका कानातून मेंदूकडे सुमारे तीस हजार तंतू जातात आणि त्यांची ताकद एकाच क्षणी मिळून धडधडण्यात असते. ढोलपथकातल्या प्रत्येकानं टोला पूर्ण जोरात हाणला, पण कुणी किंचित आधी, कुणी किंचित नंतर, तर आवाज कमी होत नाही, ठेका मात्र जातो. या रुग्णांच्या श्रवणतंतूंचं तसं झालेलं असतं. निरोगी कानाला आवाजातली दोन-तीन मिलिसेकंदांची फट कळते. यांच्यातल्या अनेकांना ती कितीतरी पट मोठी लागते. मग प आणि ब वेगळे कसे पडावेत? अशा माणसाला यंत्र लावून आवाज वाढवला तर बिनठेक्याचाच आवाज वाढतो.

आपल्याकडे हे का सांगायला हवं? नवजात बाळाची तीव्र कावीळ हे या विकाराचं एक मोठं कारण आहे. बिलिरुबिन फार वाढलं की ते श्रवणमार्गातल्या चेतापेशींना इजा करतं, आणि केसपेशी शाबूत राहतात. प्रसूतिगृहात बाळाची ओएई चाचणी करतात, कानात छोटी बोंडी ठेवून कानाकडून येणारा प्रतिध्वनी टिपणारी. तो प्रतिध्वनी लंडनच्या डेव्हिड केंप यांनी १९७८ साली शोधला, आणि तो केसपेशींकडूनच येतो. म्हणून कावीळ झालेलं बाळ ओएईत उत्तीर्ण होऊ शकतं आणि तरीही त्याला पुढे बोलणं कळत नाही. तंतूंचा एकत्र ठोका बघणारी चाचणी म्हणजे बेरा. ज्या बाळाला काविळीमुळे रक्त बदलावं लागलं, जे बाळ अतिदक्षता विभागात राहिलं, त्याची बेरा करून घ्या. ओएईचा कागद हातात असला तरी करून घ्या. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, म्हैसूरला अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आहे, आणि ही चाचणी आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही.

याच विकाराचा एक विलक्षण प्रकार आहे. काही मुलांना एरवी ठीक कळतं, पण ताप चढला की बोलणं कळेनासं होतं, आणि ताप उतरला की पुन्हा कळायला लागतं. ऑटोफर्लिन नावाचं एक प्रथिन केसपेशीकडून तंतूला वेळेवर संदेश सोडायला मदत करतं. त्याच्या जनुकातल्या काही बिघाडांत ते प्रथिन तापात नीट काम करत नाही. बिघाड मोठा असेल तर मूल जन्मतः बहिरं असतं. शांघायमध्ये अशा सहा मुलांच्या कानात चांगलं जनुक सोडण्यात आलं आणि पाचांना ऐकू येऊ लागलं. हे निष्कर्ष २०२४ साली 'लॅन्सेट'मध्ये आले.

वेळेच्या जाणिवेनं एक मोठी आशाही विकली आहे, तिची गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९७३ साली पॉला टॅलल आणि माल्कम पियर्सी यांना आढळलं की ज्या मुलांची भाषा वयाच्या मानानं मागे राहते, त्यांना दोन छोट्या स्वरांचा क्रम सांगायला मध्ये सुमारे ३०० मिलिसेकंदांची जागा लागते. इतर मुलांचं दहाहून कमीत भागत होतं. यातून कल्पना निघाली: मुलाला आधी ताणलेले, मंद केलेले आवाज ऐकवा, हळूहळू वेग वाढवा, घड्याळ सुधारेल आणि भाषाही. १९९६ साली टॅलल आणि मायकेल मर्झेनिक यांचे आशादायी लेख 'सायन्स'मध्ये आले आणि 'फास्ट फॉरवर्ड' हा संगणकखेळ बाजारात उतरला. बारा वर्षांनी रोनाल्ड गिलम आणि सहकाऱ्यांनी २१६ मुलांचे चार गट केले. एकाला हा खेळ दिला, दुसऱ्याला आवाज न ताणलेले भाषेचे खेळ, तिसऱ्याला प्रत्यक्ष वाचातज्ज्ञ आणि चौथ्याला भाषेशी थेट संबंध नसलेला संगणकावरचा अभ्यास. चारही गट सारखेच सुधारले. मुलांकडे रोज ठरलेला वेळ लक्ष दिलं जात होतं, हे चारही गटांत समान होतं. टॅलल यांचं मूळ निरीक्षण यानं खोटं ठरत नाही. पण वेळेची जाण कमी असणं आणि भाषा मागे पडणं एकाच मुलात दिसलं, म्हणून पहिल्यानं दुसरं घडवलं असं होत नाही. 'ब्रेन टायमिंग'च्या नावाखाली मोठी फी मागणारा कुणी भेटला, तर त्याला त्या चौथ्या गटाबद्दल विचारा.

आता म्हातारपण. 'ऐकू येतं, पण कळत नाही' ही तक्रार घरच्यांना बहाणा वाटते. ती बहुतेकदा अगदी खरी असते. वय वाढतं तसं श्रवणमार्गाचं वेळेचं भान बोथट होतं, आणि ऑडिओग्राम चांगला असलेल्या वृद्धांनाही भरभर बोललेलं तरुणांपेक्षा कमी कळतं. त्यात हॉल घुमणारा असेल तर संपलंच. मागच्या अक्षराचा घुमारा पुढच्या अक्षरावर सांडतो आणि पट्टीतली ती शांतता भरून जाते. रेल्वे फलाटावरची घोषणा मोठी असूनही कळत नाही, त्याचं कारण हेच. आपण काय करतो? ओरडतो. ओरडण्यानं स्वर फुगतात आणि व्यंजनं आहेत तिथेच राहतात.

मायकेल पिचेनी आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली मोजलं: तीच माणसं मुद्दाम स्पष्ट बोलली, तर श्रवणदोष असलेल्या श्रोत्यांना सरासरी १७ टक्के शब्द जास्त कळतात. असं बोलणं सावकाश असतं, शब्दांमध्ये थांबे असतात, व्यंजनं पूर्ण सोडलेली असतात. मात्र साधं बोलणं यंत्रानं नुसतं संथ केलं तर हा लाभ मिळत नाही. यूट्यूबचा वेग पाऊण करून आजोबांना दिलेला व्हिडिओ म्हणूनच फारसा उपयोगी पडत नाही. थांबे योग्य जागी लागतात, आणि त्या जागा अर्थ समजलेल्या बोलणाऱ्यालाच सापडतात.

गप्पांतला वेळ हा याहून कठीण मामला. टान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २००९ साली दहा भाषांतली प्रश्नोत्तरं मोजली. एकाचा प्रश्न संपल्यापासून दुसऱ्याचं उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद गेले. जपानी लोक सगळ्यांत चपळ, डेनिश सगळ्यांत संथ, पण फरक थोडाच. मराठी त्या दहांत नव्हती. आपल्याकडे प्रश्न संपायची तरी वाट पाहतात का, हे कुणीतरी मोजावं. गंमत अशी की चित्र बघून त्याचं नाव उच्चारायलाच मेंदूला सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे समोरच्याचं बोलणं चालू असतानाच आपण त्याचा शेवट ताडतो आणि आपलं वाक्य जुळवायला घेतो. परदेशातल्या मुलाशी फोनवर बोलताना आवाज थोडा उशिरा पोचला की दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात. दूरध्वनीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. त्यापलीकडे गेलं की दोष जोडणीचा असतो आणि राग माणसाचा येतो.

ज्याच्या कानाचं वेळेचं भान बोथट झालं आहे, तो घरातल्या गप्पांत त्या फोनवरच्या माणसासारखा बसलेला असतो. हरवलेली अक्षरं अर्थावरून भरून काढायला त्याला आणखी अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात पाळी पुढच्याकडे गेलेली असते. काही दिवसांनी तो हसऱ्या चेहऱ्यानं मान डोलवायला शिकतो आणि घरचे म्हणतात, हल्ली लक्षच नसतं.

यावर महागडं काही लागत नाही. बोलण्याआधी टीव्ही बंद करा. विषय आधी सांगा, 'लग्नाबद्दल विचारतेय' एवढं तरी, म्हणजे ताडायला काही हाती राहतं. समोर बसा, कारण ओठांची हालचाल बहुतेकदा आवाजाच्या थोडी आधी दिसते. शब्द ताणू नका, वाक्याच्या मध्ये थांबा. प्रश्न विचारून झाला की मनात एक-दोन मोजा. उत्तर आलं नाही, तर प्रश्न पुन्हा विचारा, त्याच शब्दांत नव्हे, वेगळ्या. 'जाऊ दे, काही नाही' असं मात्र म्हणू नका. ते चार शब्द त्यांना हमखास ऐकू येतात.